शिलाई कामगार, नाव अज्ञात

मंगळवार, ४ मार्च

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. वेळ घड्याळात बघून मी तिथल्या तिथे तिकिटाच्या मागे लिहून घेतली. पुढे कुणी म्हणायला नको की बाईंचं वय झालं, त्यांना नीट आठवत नसेल.

आमच्या निवृत्तांच्या मंडळाची आज चित्रपट संग्रहालयाला भेट होती. जायचं माझ्या मनात नव्हतं. वीस म्हाताऱ्यांना बसमध्ये घालून कुठेही नेलं तरी पहिली चौकशी स्वच्छतागृहाची होते, तशी ती झालीच. पण आत गेल्यावर, खरं लिहायचं तर, मला बरं वाटलं. पहिल्या दालनात हाताने फिरवायचा कॅमेरा, लाकडी पेटीत बसवलेला. दुसऱ्यात कपाटाएवढा प्रोजेक्टर, त्याच्या दोन्ही दारांना लावलेलं तेल अजून चमकत होतं. तिसऱ्या दालनाच्या दारावर पाटी: ‘पडद्यामागचे हात’. सुतार, रंगारी, केस करणाऱ्या बाया, दिवे उचलणारी माणसं. आणि भिंतीवर, बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीला, छायाचित्र क्रमांक ४७.

माझी आई.

असेल अठ्ठावीस-तीसची. खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलाशी बसलेली, हातात पांढरे सुती मोजे, कात्री उघडी, ओठ घट्ट मिटलेले. मागे खुंट्यांवर लांबच लांब पट्ट्या लटकवलेल्या. खाली छापलंय: ‘वेशभूषा विभागातील शिलाई कामगार. नाव अज्ञात.’

आईला शिलाई! आमच्या घरातलं तुटलेलं बटण शेजारची काकू लावायची. आईला सुईत दोरा ओवायचा कंटाळा होता, आणि ओवलाच तर गाठ मारायचा. माझी आई लॅबमध्ये निगेटिव्ह कापायची. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फिल्म, जिची दुसरी प्रत नसते, ती नंबर जुळवून कापायची आणि सिमेंट, म्हणजे फिल्म चिकटवायचा द्रव, लावून जोडायची. एक चुकीची कात्री, आणि चार महिन्यांचं शूटिंग केराच्या टोपलीत. सव्वीस वर्षं तिने हे केलं. त्या पट्ट्या म्हणजे लेस नव्हेत, अक्कल गहाण ठेवलेल्यांनो, ती फिल्म आहे!

हे वाक्य मी मोठ्याने म्हटलं असावं, कारण रखवालदार आला.

“बाई, काचेला हात लावू नका.”

“हात नाही, बोट लावलंय. आणि ही माझी आई आहे.”

“असेल हो. पण काच संग्रहालयाची आहे.”

चौतीस वर्षं मी रक्तपेढीत काढली, त्यातली शेवटची अकरा प्रमुख म्हणून. बाटलीवर चुकीची चिठ्ठी लागली तर काय होतं ते मला कुणी शिकवायला नको. माझ्या हाताखाली असली चिठ्ठी लावणारा माणूस संध्याकाळपर्यंत टिकला नसता. ज्या कुणा दीडशहाण्याने संग्रहालयाला ही माहिती पुरवली, त्याला शोधून काढल्याशिवाय मी राहणार नाही.

बुधवार, ५ मार्च

पत्र लिहिलं. तीन पानं झाली होती, फाडून एक केलं. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, राग आला की वाक्यं छोटी करा. ती एवढी एक गोष्ट मला त्या शाळेने कामाची शिकवली. पोचपावतीसह पाठवलं.

आईला सांगू की नको, याचा दुपारपर्यंत विचार केला. ती एकोणनव्वद वर्षांची आहे. कान माझ्यापेक्षा तिखट, पण डोळ्यांच्या मधोमध डाग वाढत चाललाय. गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, “मोठी अक्षरं अजून दोन-तीन महिने वाचतील. मग कडेचं दिसेल, समोरचं नाही.” म्हणजे आईने एखादी गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी वाचायची असेल, तर ती आताच.

ते नाव त्या भिंतीवर लागलं पाहिजे आणि आईने ते स्वतः वाचलं पाहिजे. मला बाकी काही नको. माफीसुद्धा नको. म्हणजे, दिली तर घेईन.

शेवटी सांगितलं. ती रेडिओ ऐकत होती.

“शिलाई कामगार?” ती म्हणाली. “फोटो कसा आलाय पण?”

“आई, ते महत्त्वाचं आहे का?”

“मग काय महत्त्वाचं आहे? केस बांधले होते की मोकळे?”

“बांधलेले.”

“मग बरं. मोकळे असले तर फिल्मवर पडायचे.” आणि रेडिओ मोठा केला.

हिला राग कसा येत नाही, मला कळत नाही. मलाच दोघींचा करावा लागतो.

मंगळवार, ११ मार्च

उत्तर नाही. फोन केला. एका मुलीने मला चार माणसांकडे फिरवून परत स्वतःकडेच आणलं.

धाकट्या भावाचा फोन आला. तो दुसऱ्या शहरात असतो आणि दर मंगळवारी मला शांत राहायला सांगतो.

“ताई, जाऊ दे ना. फोटो लागलाय हेच खूप.”

“तुझा फोटो ‘अज्ञात हमाल’ म्हणून लावला तर चालेल?”

“मला कुणी लावणार नाही. पण ताई, आपण लहानपणी तरी कुठे सांगायचो कुणाला, ती काय करते ते?”

काही माणसांना नेमकी नको तिथे स्मरणशक्ती असते. शाळेत आम्ही आईच्या कामाचा फारसा उल्लेख करत नसू, हे खरं. ती शाळा तशी होती. सिनेमा म्हटलं की सिस्टरांचे चेहरे आंबट व्हायचे. त्याचा या प्रकरणाशी काही संबंध नाही.

शुक्रवार, १४ मार्च

गेले. वेळ न ठरवता गेले. वेळ ठरवली की ती पुढे ढकलता येते.

संचालक चाळिशीचा, दाढी नीट कातरलेली, बोलणं तुपासारखं. “या आजी, बसा.”

“मी तुमची आजी नाही. तुमची तक्रारदार आहे.”

त्याने खुर्ची ओढून दिली. माझं पत्र त्याच्या टेबलावरच होतं, आणि त्यातल्या काही ओळींखाली पेन्सिलीने रेघा होत्या, म्हणजे वाचलं होतं. हा माणूस अगदीच वाया गेलेला नाही. तो म्हणाला की माहिती हवेतून आलेली नाही, प्रत्येक छायाचित्रामागे नोंद असते, ती शोधून कळवतो. त्या दालनाच्या सगळ्या पाट्या बदलायच्या आहेत. नवा मजकूर एकतीस मार्चला कोरायला जातो, पाट्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लागतात. त्यानंतर पुढची दहा वर्षं बदल नाही.

“दहा वर्षं?”

“पाट्या पत्र्यावर कोरतात, बाई. खर्चिक असतं.”

दहा वर्षांनी आई नव्व्याण्णव असेल. ते मी त्याला ऐकवलं. तो म्हणाला, “अभिलेखागार दाखवू का तुम्हाला?” माझ्यापासून सुटका हवी होती त्याला. तरी मी हो म्हटलं.

तळघरात जाड दारामागे थंडगार खोल्या. कपाटांतून पत्र्याचे गोल डबे, एकावर एक, छतापर्यंत. एका कोपऱ्यात आंबट वास. फिल्म सडायला लागली की असा वास येतो म्हणे. आईच्या हातांना वेगळा यायचा, सिमेंटचा, गोड आणि झोंबणारा. तो मला आवडत नसे.

तिथे काम करणारी बाई बारीक, मोठ्या चष्म्याची, स्वेटरवर स्वेटर. ती जुन्या फिल्म दुरुस्त करते. मला लगेच ‘मावशी’ म्हणाली. एरवी मी ऐकून घेतलं नसतं, पण तिच्या हातात पांढरे सुती मोजे होते.

“निगेटिव्ह कटर?” माझं ऐकून ती उठूनच उभी राहिली. “कुठल्या लॅबमध्ये? मावशी, थांबा. तुम्हाला आमची चिमणी दाखवते.”

तिने एक डबा उघडला, काचेच्या टेबलावर फिल्मची सुरुवातीची काळी पट्टी पसरली आणि माझ्या हातात भिंग दिलं. पट्टीच्या कडेला, भोकांच्या बाजूला, ब्लेडने ओरखडलेली बारीक खूण: एक उभी रेघ आणि तिला फुटलेल्या तीन रेघा. चिमणीच्या पायासारखी.

“जोड सुटला तर कुणाचा होता ते कळावं म्हणून जुने कटर अशा खुणा करायचे. ही खूण एकेचाळीस सिनेमांवर सापडली मला. माणूस कोण, माहीत नाही. श्रेयनामावलीत कटरचं नाव कुणी घालत नसे. म्हणून आम्ही चिमणी म्हणतो. चिमणीचं रीळ आलं की मी निश्चिंत असते, मावशी. साठ वर्षांत तिचा एक जोड सुटलेला नाही.”

आमच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांच्या झाकणांवर ती खूण आहे. छत्रीच्या दांड्यावर आहे. मला वाटायचं, आईला वस्तूंवर ओरबाडायची खोड आहे.

मी खुर्चीवर बसले. तिने मला पाणी दिलं. मी म्हटलं, थंडीमुळे झालं.

शनिवार, १५ मार्च

आईला सांगितलं, खाली तळघरात एक बाई तुला ओळखते. नावाने नाही, हाताने.

“कोणते सिनेमे सांगितले?” तिने विचारलं. मी त्या बाईने लिहून दिलेली यादी वाचून दाखवली, एकेचाळीसच्या एकेचाळीस. ती बोटांवर मोजत होती. “चार विसरली ती. एकेचाळीस नव्हेत, पंचेचाळीस.” मग थोड्या वेळाने: “एकही सुटला नाही म्हणाली?”

“नाही.”

“बघ.” एवढंच. पण जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

मंगळवार, १८ मार्च

तळघरातल्या चष्मेवालीचा फोन. नोंद सापडली. जुनं कार्ड आहे, बावीस वर्षांपूर्वीचं. लॅब बंद पडली तेव्हा तिथली छायाचित्रं संग्रहालयात आली, आणि एका कर्मचाऱ्याने माणसांची ओळख पटवायला घरोघर फोन केले. कार्डावर लिहिलंय: ‘शिवणकाम. नाव देण्यास नकार. माहिती देणारी: मुलगी, दूरध्वनीवर.’

कर्मचाऱ्याने चुकीचं ऐकलं असणार. किंवा भलत्याच घरी फोन लावला असणार. फोनवर लिहून घेतलेल्या माहितीला काय किंमत? आमच्याकडे रक्तगट कुणी फोनवर सांगितला तर आम्ही तो लिहूनसुद्धा घेत नव्हतो. संचालकांना तसं कडक शब्दांत कळवणार आहे.

बुधवार, १९ मार्च

काल जे लिहिलं ते खोटं आहे. ही वही माझी आहे, इथे तरी नको.

फोन आला होता. दुपार होती. नवरा तेव्हा होता, सासूबाईही होत्या, समोर कोचावर वर्तमानपत्र घेऊन बसलेल्या. लग्न ठरताना त्यांना सांगितलं होतं की आई शिवणकाम करते. मी ते सांगितलं, कारण त्याआधी शाळेच्या फॉर्मवर तेच लिहिलं होतं. फॉर्म मी भरला होता, स्वतःच्या अक्षरात, दहा वर्षांची असताना. ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यासमोर. वर्गात एका मुलीचे वडील नाटकात होते आणि तिच्या शेजारी कुणी बसायचं नाही. तेवढ्यावरून मी ठरवलं. एकदा लिहिलं, मग ते पुढे तसंच चालू राहिलं. फोनवरच्या माणसाने विचारलं, तुमच्या आई लॅबमध्ये काय करायच्या? मी म्हटलं, शिवणकाम, आणि नाव-बिव नको, आणि फोन ठेवला. सासूबाईंनी विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, राँग नंबर.

म्हणजे दीडशहाणा सापडला.

तरी संग्रहालयाची चूक आहेच. काचेचं टेबल, मोजे, फिल्मच्या पट्ट्या समोर दिसत असताना त्यांनी एका फोनवर विश्वास ठेवावा? पडताळणी म्हणून काही असतं की नाही? हे मी लिहून ठेवते, कारण ते खरं आहे. फक्त आज ते लिहिताना हवा तेवढा जोर येत नाही.

आईला सांगितलेलं नाही.

शनिवार, २२ मार्च

आईला घेऊन गेले. चष्मेवालीनेच बोलावलं होतं. संचालकही खाली आला. स्वेटर घालून आला, हे मी त्याच्या बाजूने मांडते.

आईला चाकाच्या खुर्चीतून टेबलापाशी नेलं. तिला समोरचं नीट दिसत नव्हतं, तर तिने मान तिरकी केली आणि डोळ्याच्या कडेने बघू लागली, पक्ष्यासारखी. चष्मेवालीने टाकाऊ फिल्मचा तुकडा दिला. आईने तो दोन बोटांत धरला आणि ओठाला लावला.

“ही चिकट बाजू. हिच्यावर चित्र. ही खरवडायची, मग सिमेंट धरतं. गुळगुळीत बाजू खरवडलीस की संपलं.”

“आजी, आम्ही हे यंत्राने तपासतो आता,” संचालक म्हणाला.

“यंत्राला ओठ असतात का?”

मग ब्लेड मागितलं. काळ्या पट्टीवर चार ओरखडे. चष्मेवालीने जुनी पट्टी शेजारी ठेवली. दोन चिमण्या, साठ वर्षांच्या अंतराने. ती चष्मा काढून पुसत बसली.

संचालकाने घसा साफ केला. “मला वैयक्तिक शंका नाही. पण समितीत कुणी म्हणेल की खूण काय, डब्यांवरची बघून कुणीही काढेल.”

“कुणीही?” मी म्हटलं.

“थांब गं,” आई म्हणाली. “त्याचं बरोबर आहे. खूण कुणीही काढेल. चूक नाही काढणार.” आणि तिने एका सिनेमाचं नाव सांगितलं. “सातवं रीळ आहे का तुमच्याकडे? मूळ निगेटिव्ह? नायिका पाण्याचा तांब्या उचलते आणि एकदम पेला तिच्या ओठांशी असतो. मधलं दिसतच नाही.”

संचालक ताठ झाला. “अर्थातच माहीत आहे. ती प्रसिद्ध उडी आहे. दिग्दर्शकाने काळाला दिलेला छेद. माझ्या प्रबंधातलं चौथं प्रकरण त्यावरच आहे.”

“कसली उडी? माझी सिमेंटची बाटली कलंडली.”

चष्मेवालीने हातातली पट्टी टेबलावर ठेवली.

“नऊ फ्रेम विरघळल्या,” आई म्हणाली. “एका सेकंदाला चोवीस असतात, त्यातल्या नऊ. मूळ फिल्म, दुसरी आणणार कुठून? मी दोन्ही टोकं जोडली आणि गप्प बसले. आठ दिवस जेवण गेलं नाही. मग सिनेमा लागला आणि पेपरात आलं की काय कल्पना आहे! दिग्दर्शक लॅबमध्ये येऊन सगळ्यांना पेढे... नाही, काहीतरी गोड वाटून गेला. त्यालाही वाटलं असेल, आपणच केलं. त्या जोडाच्या कडेला मी खूण नाही केली. लाज वाटली. नुसतं एक टिंब दिलंय, तिसऱ्या आणि चौथ्या भोकाच्या मध्ये. बघ.”

चष्मेवाली आतून डबा घेऊन आली. हळूहळू गुंडाळत, गुंडाळत, तांब्यापर्यंत. भिंग लावलं. फिल्मवर वितळल्याचा एक पिवळसर ओघळ आणि भोकांच्या मध्ये टिंब.

संचालकाने भिंगातून बघितलं, मग पुन्हा बघितलं. मला वाटलं आता हा रागावणार. तो हसायला लागला. हसता हसता खाली बसला. “दोनशे चाळीस पानं लिहिलीत मी, आजी.”

“मग काय झालं? छान लिहिलं असशील.”

चष्मेवालीने विचारलं, “पण आजी, तुमच्या हातून बाटली कशी कलंडली?”

“घाई होती,” आई म्हणाली. “हिच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं. ही म्हणायची, आई, येताना हात नीट धुऊन ये, वास येतो. तर साबण लावायला दहा मिनिटं मिळावीत म्हणून भराभर उरकत होते.”

तिने हे सहज सांगितलं, हवापाणी सांगावं तसं. मी चाकाच्या खुर्चीचा ब्रेक नीट लागलाय का ते तपासलं.

निघताना संचालकाने मला बाजूला घेतलं. “आता समितीला एकच अडचण आहे. फाइलमधला एकमेव लेखी कागद म्हणजे ते कार्ड. माहिती देणाऱ्या व्यक्तीने ती लेखी मागे घेतली तर सगळं सोपं आहे. ती कोण मुलगी, तुम्हाला कल्पना आहे का? तुमच्या बहीण वगैरे?”

“बघते,” मी म्हटलं.

टॅक्सीत आई झोपली. मी रस्ताभर दुकानांच्या पाट्या वाचत आले.

सोमवार, २४ मार्च

दोन दिवस पत्राला बसले. ‘गैरसमजातून’ असं लिहिलं, खोडलं. ‘तत्कालीन कौटुंबिक परिस्थितीमुळे’ असं लिहिलं, तेही खोडलं. शेवटी कागद घेऊन आईसमोर बसले आणि सांगून टाकलं. कार्डाचं, फोनचं, फॉर्मचं.

ती ऐकत होती. मग म्हणाली, “फॉर्मचं माहीत आहे मला.”

“कसं?”

“अगं, तुझ्या सिस्टरांनी निरोप पाठवला होता. तुम्ही शिवणकाम करता, तर शाळेच्या नाटकातल्या बारा देवदूतांचे पंख शिवून द्या. सोबत पांढऱ्या कापडाचा हा एवढा गठ्ठा.”

ते पंख मला आठवतात. फार सुरेख झाले होते. माझी समजूत की सिस्टरांनी शिंप्याकडून करून घेतले.

“मग?”

“मग काय? कापणं माझं काम. काचेच्या टेबलावर ठेवून चोवीसच्या चोवीस पंख एका मापाचे कापले, एका दुपारीत. शिवले शेजारच्या काकूने. तिला म्हटलं, कुठे बोलू नकोस, पोरीने शाळेत सांगितलंय की आई शिवते.”

“आई, तू मला कधी बोलली का नाहीस?”

“काय बोलू? तू दहा वर्षांची होतीस. आणि पंख चांगले झाले होते.” मग मान तिरकी करून माझ्याकडे बघत म्हणाली, “पण आता तू सहासष्टची आहेस. आता लिही नीट. आणि ‘कौटुंबिक परिस्थिती’ वगैरे लिहू नकोस, परिस्थिती चांगली होती आपली.”

धाकट्याला फोन केला, मंगळवार नसताना. त्याला सगळं सांगितलं. त्याने टीव्ही बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “ताई, मी तर फॉर्मवर ‘गृहिणी’ लिहिलं होतं.”

तोही सही करणार आहे, संमतिपत्र रात्रीच मोबाइलवर पाठवतो म्हणाला.

मंगळवार, २५ मार्च

सकाळी साडेनऊला पत्र स्वतः नेऊन दिलं, आवक शिक्का मारून घेतला. त्याची नक्कल इथे उतरवून ठेवते.

‘मा. संचालक, चित्रपट संग्रहालय व अभिलेखागार यांस,

छायाचित्र क्रमांक ४७ संदर्भात माझी दिनांक ५ मार्चची तक्रार आपल्याकडे आहे. त्या तक्रारीत मी चुकीची माहिती पुरवणाऱ्या व्यक्तीचा शोध घेऊन तिच्यावर कारवाई करण्याची मागणी केली होती. ती व्यक्ती मी आहे. बावीस वर्षांपूर्वी आपल्या कर्मचाऱ्याने दूरध्वनीवर विचारले असता माझी आई शिवणकाम करते असे मी सांगितले, आणि तिचे नाव देण्यास नकार दिला. तुमच्या कर्मचाऱ्याने चुकीचे ऐकले नाही. मी जाणूनबुजून खोटे सांगितले, कारण मला तिच्या कामाची लाज वाटत होती. ती लाज माझी होती, तिची कधीच नव्हती. ते निवेदन मी या पत्राद्वारे पूर्णपणे मागे घेत आहे. माझ्या धाकट्या भावाचे संमतिपत्र सोबत जोडले आहे.

कारवाई करायची असल्यास मी दुपारी चारनंतर घरी असते.

माझी आई वेशभूषा विभागात नव्हती. तिने सव्वीस वर्षे निगेटिव्ह कापले. आपल्या तळघरातील एकेचाळीस चित्रपट तिच्या हातचे आहेत. उरलेल्या चारांची नावे सोबत देत आहे, ते शोधावेत. तिचे पूर्ण नाव तिने स्वतः वेगळ्या कागदावर लिहून दिले आहे. ओळी एकमेकींवर चढल्या आहेत, तरी एकही अक्षर चुकलेले नाही. ते जसेच्या तसे घ्यावे.

सातव्या रिळातील नऊ फ्रेमविषयी पाटीवर काय लिहावे हा आपला प्रश्न आहे. आईचे म्हणणे असे की आपले चौथे प्रकरण बदलू नये, ते लोकांना आवडले असेल.

पाटीवरील अक्षरे किमान दोन बोटे उंच असावीत. पाटी वाचणारी व्यक्ती एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येणार आहे, आणि तिला कुणी वाचून दाखवायचे नाही असे तिने मला बजावले आहे.

मजकूर कोरायला जाण्यापूर्वी, म्हणजे सोमवार, ३१ मार्च रोजी सायंकाळी पाचच्या आत, समितीचा निर्णय मला लेखी कळवावा. दूरध्वनीवरील उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही. दूरध्वनीवर लोक काहीही सांगतात.’